सावळ्याचा राब

९ फेब्रुवारी १९६९, रविवार

माझ्या हातच्या वस्तू. कपाट उघडून, एकेक बाहेर काढून लिहीत आहे. आठवणीवर विसंबलेलो नाही.

रंगीत ठोकळे सोळा, रुग्णालयाच्या बंगल्याच्या जुन्या सागवानी चौकटीतून कापलेले, कोपरे घासलेले, कारण पूर्वी रोगी ते फेकून मारीत. आकार बसवायची पाटी, दहा खाचांची. त्यातली चांदणी तीनदा फुकट गेली, चौथ्यांदा साधली. चित्रांचे पुठ्ठे चाळीस. इंग्रजी संचात काचेच्या खिडकीशी उभी असलेली मडम आहे, ती आमच्या माणसांना भूत वाटे. मी चुलीपुढे बसलेली बाई काढली, तर तीच माणसे बोलता थांबेनात. रोग्याला काय दिसते ते विचारायचे शाईचे डाग दहा; हे काम सोपे आहे असे ज्याला वाटते त्याने एकदा करून पाहावे. वाट शोधायची पाटी, पितळी तारेची. लाकडी मुठींचा लांब दोर. वाघ-बकरीचा शिसवी पट. आणि दारावरची पाटी: ‘ए. ग. पांचाळ, मानसतज्ज्ञ’. अक्षरे माझीच, सफेत्याची.

विकत घेतलेली वस्तू एकच, इंग्रजी-मराठी शब्दकोश.

ही यादी नव्या डॉक्टरबाईंना हवी आहे. डॉ. आजरेकर, वय तिशीच्या आतबाहेर, बंगळूरला शिकून आलेल्या. परवा त्यांनी ती चांदणी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि कुठल्या कंपनीची म्हणून विचारले. मी म्हटले, पांचाळ कंपनीची. हसल्या. मग शिक्षण विचारले. लपवण्यासारखे काही नाही: व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी. १९५३ साली या रुग्णालयाच्या खिडक्यांच्या झडपा दुरुस्त करायला सुतार म्हणून आलो. त्या वेळचे सबनीस डॉक्टर मला एक पुस्तक देऊन म्हणाले, लाकूड वाचता येतं त्याला माणूसही वाचता येईल. पुस्तक वाचायला आठ महिने लागले. झडपा आधीच झाल्या होत्या. मी गेलो नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

विश्वस्तांची चिठ्ठी आली. मानसिक वॉर्डातल्या धर्मादाय खाटा मेअखेर बंद. पुढे फक्त पैसे भरणारे रोगी राहतील.

धर्मादाय खाटांवर सहाजण होते. पाचांची सोय या ना त्या नातेवाइकांकडे लागली आहे. उरला सावळा. त्याच्यापुढे दोन वाटा: एक तर घरी, नाही तर सरकारी मोठे इस्पितळ. तिथे त्याला भेटायला पवनेच्या खोऱ्यातून कोण जाणार? नऊ वर्षांपूर्वी तो इथे आला तेव्हा सबनीसांनी स्किझोफ्रेनिया असे निदान केले. आवाज ऐकू येत, नदी आपल्याशी बोलते म्हणे. गोळ्या सुरू झाल्यापासून शांत आहे.

बाईंनी मला खुर्ची दिली. म्हणाल्या, “गोळ्या काय करतात ते मला कळतं, मास्तर. माणूस तुम्हाला जास्त माहीत आहे. तो घरी जाण्याजोगा आहे की नाही, ते तुमच्या अहवालावर ठरवू.”

हे त्यांनी मोकळेपणाने म्हटले, याची नोंद करतो. बंगळूरच्या माणसाकडून मला अपेक्षा नव्हती.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज कुरवंड्याकडे एकटाच चालत गेलो. सबनीस असताना हा रविवारचा रिवाज होता, सगळा वॉर्ड निघायचा. श्रावणात पठारावर धुके असे की पुढच्या माणसाची पाठ दिसत नसे. नागफणीकडे कडा आहे. म्हणून तो दोर केला. ज्याने त्याने आपापली मूठ धरायची. बांधलेला कोणी नाही. डॉक्टर पुढे छत्री घेऊन, मागे वॉर्डाचा शिपाई नथू. मधे एक निवृत्त स्टेशनमास्तर रोगी होते, ते घाटातली सगळी स्टेशने मोठ्याने पुकारत चालत, आणि दोर थोडा जरी ढिला पडला की गार्डासारखी शिटी मारीत. कुरवंड्यात एक म्हातारी सगळ्यांना गुळाचा चहा करायची. तिने एकदा सबनीसांकडेच बोट दाखवून सांगितले होते, या बिचाऱ्याला अंमळ जास्त द्या रे, फार बडबडतंय. डॉक्टरांनी तो जास्तीचा चहा निमूट प्यायला.

सावळाही त्याच धुक्यात आला, १९६० च्या श्रावणात. धाकटा भाऊ शिदू त्याला कासऱ्याने बांधून घेऊन आला होता. सावळ्याने घरामागची पेंढ्याची गंजी पेटवली होती, आणि गंजीआड बांधलेले वासरू जळाले होते. सबनीसांनी गाठी आपल्या हातांनी सोडल्या. दाताने सुद्धा. मग माझ्याकडे बघून म्हणाले, याच्या हाताला काम दे. मी रंधा दिला. त्याने रंधा उलटा धरला, मग सरळ धरला, आणि मला म्हणाला, “मिस्त्री, ह्येचं पातं बोथाटलंय.” खरेच बोथटले होते.

आता मला सगळे मास्तर म्हणतात. मिस्त्री म्हणणारा तोच एक राहिला आहे. मी अनेकदा सुधारले, उपयोग होत नाही.

गोळ्या आल्यावर वॉर्डातली आरडाओरड गेली, हे मान्य करतो. गाणेही गेले. स्टेशनमास्तर आता असते तर ओसरीत हात थरथरवत बसले असते, आणि खंडाळा आले काय नि गेले काय.

२ मार्च, रविवार

सुरुवात झाली. सावळा आज सकाळपासून आवारातला पाला गोळा करीत आहे. जांभळाचा, फणसाचा, जो मिळेल तो. माळ्याच्या खड्ड्यातले शेणही नेले.

हे दरसाल होते, आणि याचा तक्ता माझ्याकडे आहे. होळीच्या आसपास पाला साठवतो, न्हाणीघरामागच्या उघड्या जागेत त्याचे थर देतो, वर माती भुरभुरतो, आणि काडी मिळाली की पेटवतो. आम्ही विझवतो. त्यानंतर पावसाळा लागेपर्यंत गप्प. नऊ वर्षांत एक वर्षही चुकलेले नाही. दरवेळी न्हाणीघराच्याच बाजूने पेटवतो; याला ग्रंथात आवर्तनी आग्रह म्हणतात.

बाई मुंबईच्या गिरगावातल्या. त्यांना राब माहीत नव्हता. मी समजावून दिले की मावळात भाताचे रोप जिथे टाकायचे ती जागा अशीच भाजतात: खाली शेण, मग झाडाच्या फांद्यांची कवळे, पाचोळा, गवत, वर माती. म्हणजे तण मरते आणि रोप जोमाने येते.

“मग तो शेतीच करतोय की,” बाई म्हणाल्या.

मी म्हटले, शेत कुठे आहे? रुग्णालयाच्या न्हाणीघरामागे राब भाजणारा मनुष्य आणि शेतात भाजणारा मनुष्य यांत फरक आहे. कृती बरोबर, जागा चूक. आजार म्हणतात तो यालाच.

“जागा त्यानं निवडली का, मास्तर?”

प्रश्न हुशारीचा आहे, शास्त्राचा नाही. आणि जळालेले वासरू विसरून चालणार नाही, हेही मी सांगितले.

नथू दारात उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, “मास्तरांच्या तक्त्यात त्याचा राब बी आजार, आन् माझी बिडी बी आजार.” मी त्याला पाणी भरायला पाठवले.

६ मार्च, गुरुवार

पेटवला. काडी कुठून मिळाली याचा शोध चालू आहे. नथूची नजर जमिनीवर आहे, त्यावरून अंदाज करता येतो. परिचारिका ओरडत धावली, पैसेवाल्या खोल्यांतले दोघे नातेवाईक व्हरांड्यात आले, त्यांनी बाईंकडे तक्रार केली. बादल्या ओतल्या. सावळा बाजूला उभा राहून ओतलेले पाणी बघत होता. प्रतिकार नाही.

संध्याकाळच्या निरीक्षणाच्या वेळी (पायरीवर, वाघ-बकरी, नेहमीप्रमाणे तो बकऱ्या, मी वाघ) मी विचारले, का पेटवलेस? म्हणाला, “होळी झाली की मिस्त्री.” जणू मीच काही विसरलो होतो.

डाव त्याने जिंकला. वाघ कोंडला. त्याची ही पद्धत आहे: तीन बकऱ्या हसत मरू देतो आणि चौथीला कोपऱ्यात आणून उभी करतो. चांगला खेळगडी आहे. निरीक्षणाच्या दृष्टीने म्हणतो.

२३ मार्च, रविवार

बाईंनी ठरवले की आधी तीन दिवस घरी पाठवून पाहायचे, बरोबर मी जायचे. मी म्हटले, हंगाम आगीचा आहे, पावसात पाठवू. त्या म्हणाल्या, आगीचाच आहे म्हणून आता.

एक अडचण आहे. पवनेवर धरण होत आहे, त्यात त्याची वाडी जाणार, हे सावळ्याला कोणी सांगितलेले नाही. नोटिसा येऊन दोन वर्षे झाली. शिदू मागे भेटीला आला तेव्हा त्याने मला विचारले होते, सांगू का. मी नको म्हणालो. वाईट बातमीने रोगी ढासळतो, हे छापील आहे.

१४ एप्रिल, सोमवार

तीन दिवसांचे आज एकत्र लिहितो. तिथे लिहायला जागा नव्हती, आणि खरे म्हणजे सवडही नव्हती.

शनिवारी लोकलने कामशेतला उतरलो, तिथून एसटीने धरणाच्या वसाहतीपर्यंत, पुढे पायी. सावळ्याने नवा सदरा घातला होता, माझाच, बाह्या आखूड केलेला. वसाहतीपाशी धरणाची भिंत दिसली. मातीने भरलेल्या ट्रकांची रांग, वर मुंगीएवढी माणसे. मी त्याचा दंड धरला. तो थांबून बराच वेळ पाहत राहिला.

“मिस्त्री, ह्ये आनी किती वर जायाचं?”

मी सांगितले. खोटे बोलण्यात अर्थ नव्हता, समोर दिसत होते. त्याने डोळा बारीक केला, हात आडवा धरला आणि भिंतीच्या त्या उंचीवरून हात तसाच खोऱ्यावरून फिरवत पार आपल्या वाडीपर्यंत नेला.

“म्हंजी आमच्या चिंचंच्या शेंड्यापतुर.”

पुढे चालू लागला. मी त्याचा चेहरा, श्वास, चाल सगळे पाहत होतो. ढासळण्याचे एकही चिन्ह नव्हते. दंड मीच धरून होतो, तो बऱ्याच वेळाने सोडला.

वाडीत शिरायच्या आधी धूर दिसला. एका शेतातला नव्हे, सगळ्या शेतांतला. पाणी येणार त्या रेषेच्या खाली जेवढी म्हणून भातखाचरे होती, तेवढ्यांत राब भाजत होते.

मी शिदूला गाठले. चाळिशीच्या आतला माणूस, पण पाठ वाकली आहे. तो धरणावर मातीच्या कामाला जातो. म्हटले, अरे, हे सगळे पाण्यात जायचे ना, मग हा खटाटोप कशाला? त्याने मला नीट समजावून दिले, मीच नुकता वॉर्डात दाखल झाल्यासारखे.

“या साली तर पानी न्हाई ना? मग या सालचं भात कोन लावनार मास्तर, सरकार?”

हे एक वेळ कळले. पण पलीकडे मारुतीआबा म्हणून म्हातारा होता, त्याच्या खाचरात तर चुन्याच्या खुणा मारलेल्या. त्यातली माती पावसाच्या आतच खणून भिंतीला नेणार होते. तिथे रोप उगवायचाच प्रश्न नव्हता. आणि म्हातारा गुडघ्यावर बसून राबावर माती भुरभुरत होता, बोटांतून, चाळणीतून पीठ पडावे तशी. मी त्याला म्हटले, आबा, इथली माती तर पुढच्या महिन्यात चालली. तो वर न बघता म्हणाला,

“जाऊ दे की. म्हनून भाजल्याबिगर द्यायची व्हय?”

कृती बरोबर, जागा चूक. माझ्या नियमाने म्हाताऱ्याला आजच भरती करायला हवे, आणि त्याच्यामागोमाग सगळी वाडी. याचा विचार करायला हवा. कदाचित नियमात एखादे कलम राहिले असेल.

रविवारी सकाळी त्यांचा स्वतःचा राब पेटवायचा होता. वारा अगदी मंद. घरची माणसे, शेजारी, सगळे काम काढून उगाच आसपास रेंगाळत होते. कोणी सावळ्याकडे पाहत नव्हते, म्हणजे सगळे त्याच्याकडेच पाहत होते. शिदूने दोन घागरी भरून आधीच बांधावर ठेवल्या होत्या. पेटवायला तोच पुढे झाला. तेवढ्यात सावळ्याची बायको भागूबाई घरातून आली, हातात खापरावर चुलीतला विस्तव. ती शिदूला ओलांडून गेली आणि तिने ते खापर सावळ्यापुढे धरले.

शिदू म्हणाला, “वैनी, कशाला उगं.”

ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या भावजी. नऊ साल तुमीच केलं.”

सावळ्याने खापर घेतले. खाली ठेवले. मातीची चिमूट उचलून सोडली, ती कुठे सरकते ते पाहिले, मग राबाला वळसा घालून पार वाऱ्याच्या खालच्या अंगाला गेला आणि तिथून पेटवला. आग वाऱ्याच्या तोंडावर चढत हळूहळू सरकू लागली. ओला डहाळा घेऊन तो कडेकडेने चालत होता, ठिणगी बांधाकडे गेली की तिच्यावर डहाळा टेकवायचा, आपटायचा नाही. मी मारुतीआबाला विचारले, वरून का नाही पेटवला? वाऱ्याबरोबर सोडला तर वरच्यावर पळतो, माती कच्ची राहते, असे कळले.

रुग्णालयात वारा घाटाकडून येतो. न्हाणीघर वाऱ्याच्या खालच्या अंगाला आहे.

तक्त्यातला तो रकाना दुरुस्त करावा लागेल.

घागरी तशाच भरलेल्या राहिल्या. दुपारी शिदूने त्यांतल्या एकीतले पाणी म्हशीला पाजले.

आज निघण्यापूर्वी सावळा नदीवर गेला होता. मी मागून गेलो, ते माझे काम आहे. तो ओठ हलवत होता. मी विचारले, अजून आवाज येतो? म्हणाला, “येतो की. पन आता ती आपलं बोलती, मी आपलं काम करतो.” हे मी जसेच्या तसे उतरवून घेतले आहे. अहवालात महत्त्वाचे ठरेल.

जेवताना भागूबाईने विचारले, तिथं संध्याकाळचं काय करत्यात हे? मी म्हटले, माझ्याबरोबर वाघ-बकरी खेळतो.

“रोज?”

“रोज. निरीक्षण असतं ते.”

“आन् तुमच्या घरी कोन कोन हाय?”

मी म्हटले, कोणी नाही, मी रुग्णालयातच राहतो. तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मी नको म्हटले होते.

परत येताना सावळ्याने एकदाही मागे वळून पाहिले नाही. ओढ कमी आहे, असा याचा एक अर्थ निघतो.

२४ एप्रिल, गुरुवार

अहवाल लिहिला, आठ पाने, शाईने, खाडाखोड नाही. ठोकळ्यांची चाचणी पुन्हा घेतली, मार्चपेक्षा मंद. (वॉर्डात परतल्यापासून तो सगळ्यातच मंद आहे.) आवाज अद्याप येतात. नदीशी संभाषण. वाडी उठणार, नवी जागा ठरलेली नाही, म्हणजे मनावर ताण. एकूण मत: घरी पाठवण्याची घाई नको, आणखी सहा महिने माझ्या देखरेखीखाली निरीक्षण आवश्यक. खाटेची सोय विश्वस्तांनी करावी. त्यांना वेगळे पत्र लिहीन.

बाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मराठी चांगले आहे म्हणाल्या. मग माझ्या जुन्या नोंदी पुढे ओढल्या.

“मास्तर, ही संध्याकाळची निरीक्षणं. वॉर्डात बावीस माणसं आहेत. सगळी एकट्या सावळ्याचीच कशी?”

मी म्हटले, दीर्घकाळ एकाच रोग्याचे निरीक्षण करणे ही मान्यताप्राप्त पद्धत आहे.

“आणि तुम्ही तिथून आलात तेव्हा मला सांगितलंत, राब त्यानंच पेटवला आणि घागरी भरलेल्या राहिल्या. ते यात कुठे आहे?”

ते लांबण नको म्हणून गाळले होते. तसे सांगितले. त्यांनी अहवाल माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, तुम्हीच ठेवा, विश्वस्तांकडे जायच्या आधी एकदा वाचा. मी शुद्धलेखन तपासायला म्हणून परत आणला. शुद्धलेखनाची चूक एकही नाही.

आपली पदवी नाही हे माणसे विसरत नाहीत. मला राग आला आहे असे नाही.

६ मे, मंगळवार

बाहेर वळवाचे ढग जमून गेले, पडला नाही. पायरीवर बसलो होतो. सावळ्याने बकऱ्या मांडल्या, पण चाल करीना.

“मिस्त्री, रोहिण्या कदी?”

मी म्हटले, पंचवीस तारखेच्या सुमारास.

“त्येच्या आत जायाला पायजे. भाजलेला राब पेरल्याबिगर ठेवत न्हाईत.”

अशा वेळी गप्प राहावे, रोगी पुढे बोलतो. तो पुढे बोलला.

“डॉक्टरीण म्हनली, तुमी लिवनार. काय लिवलंय?”

“अजून चालू आहे.”

“मी बरा न्हाई का?”

सोळा वर्षांत मला हा प्रश्न अनेकांनी विचारला. त्याला उत्तरे तयार असतात. मी म्हटले, तुला आवाज येतात ना अजून. तो मान हलवून म्हणाला, “व्हय, येत्यात.” भांडला नाही, खोटे बोलला नाही. इतर रोगी बाहेर पडायसाठी आवाज बंद झाले म्हणून शपथा घेतात. हा पटाकडे बघत अगदी हलक्या आवाजात म्हणाला,

“तुमी ऱ्हा म्हनला तर ऱ्हातो. पन भागी एकली पेरील.”

बकऱ्या तशाच मांडलेल्या ठेवून मी उठलो. खोलीत येऊन कागद घेतला. हा दुसरा अहवाल चार ओळींचा आहे. ‘रोगी स्वतःच्या शेतात, स्वतःच्या हाताने, वाऱ्याची दिशा पाहून आग सांभाळू शकतो. आवाज येतात, त्यांचे तो ऐकत नाही. गोळ्या चालू ठेवाव्यात. घरी सोडण्यास योग्य, शक्यतो रोहिणीपूर्वी.’ लगेच नेऊन बाईंच्या टेबलावर ठेवला, कारण सकाळपर्यंत माझ्याजवळ राहिला असता तर मी त्याची भाषा सुधारत बसलो असतो.

भाषेच्या दृष्टीने पहिलाच चांगला होता.

१८ मे, रविवार

सावळा गेला.

गोळ्यांच्या डब्यावर सकाळच्या गोळ्यांसाठी सूर्य आणि रात्रीच्यांसाठी चंद्र काढून दिला. भागूबाईला दोनदा विचारून खात्री केली. ती म्हणाली, “दोन येळा कळाया चंद्र कशाला पायजे मास्तर, चूल पेटली की एक आन् विझली की एक.” दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तपासणीला आणायचे ठरले आहे. पावसात वाट बंद होते, हे तिने सांगितले आणि मला माहीत होते.

बाईंनी त्याला नमस्कार केला. नथूने बिडीचा एक कट्टा दिला, वर काडेपेटी, माझ्यादेखत. मी पाहिले नाही असे केले. सावळ्याने माझा सदरा परत द्यायला काढला. मी म्हटले, बाह्या आखूड झाल्यात, मला काय उपयोग. फाटकाशी तो थांबला आणि फाटकाची बिजागरी हलवून पाहून म्हणाला, “मिस्त्री, ही कुरकुरती, तेल घाला.” मग दोघे कुरवंड्याची वाट डावीकडे ठेवून स्टेशनकडे उतरली. भागूबाई पुढे, तो मागे. वळणावर तिने थांबून त्याच्या हातातले गाठोडे आपल्या डोक्यावर घेतले.

बिजागरीत तेल घातले. वॉर्डातल्या तीन खिडक्यांच्या कड्या ढिल्या होत्या, त्या आवळल्या. पावसाआधी कराव्याच लागतात. दिवे लागेपर्यंत तेच केले.

शिदूचे लिहायचे राहिले. तो काल दुपारी एकटाच येऊन गेला, भागूबाईला न सांगता. मला फाटकाबाहेर बोलावले, आत यायला तयार नव्हता. म्हणाला, मास्तर, माझा भाऊ वाईट न्हाई, मला भ्या वाटतं. वाडी उठल्यावर आमी कुटं जानार ठाव न्हाई, दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याच्या पडवीत ऱ्हायाचं, तितं येका रातीत काय झालं तर लोक आमाला कुटं ठिवतील? त्या वासराचं वरडनं मला अजून ऐकू येतं. हे सांगताना तो रडत नव्हता, रुमालाची गाठ सोडत होता. त्याला कळले होते की पैसे भरणाऱ्याची खाट राहते. तुमी फकस्त लिवा, म्हणाला, की अजून बरा न्हाई.

मी त्याला सांगितले की लिहून झाले आहे. तो म्हणाला, लिवलेलं बदलता येतं. येते, हे खरे आहे. कालपर्यंत तो कागद बाईंच्या टेबलावरच होता, आणि पहिली आठ पाने माझ्या खणात होती. सावळा तेव्हा आत ओसरीवर बसून माझ्याकडे पाहत होता. मी शिदूच्या रुमालाची गाठ पुन्हा बांधली आणि त्याला कामशेतच्या गाडीपर्यंत पोचवून आलो.

धरणावर त्याला दिवसाला तीन रुपये मजुरी मिळते. भावाला इथेच, माझ्याजवळ ठेवून घ्यावे म्हणून तो जे द्यायला निघाला होता ते मी घेतले नाही: महिना चाळीस रुपये, पहिले तीन महिने रोख.